नवरीची मुकी गाडी

बुकोबा, २ जून १९९८

ती. कोकूताईस, रुगेमाचा सा. न. वि. वि.

केमीचं लग्न ठरलं, शनिवारी, वीस तारखेला. तिची आई असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. आता ते काम माझ्याकडे आहे. लेकीला चर्चपर्यंत मी माझ्याच गाडीतून नेणार. मागे वऱ्हाडाच्या गाड्या, सगळ्यांचे दिवे लागलेले, हॉर्न वाजत असलेले.

गाडी हल्ली लाजायला लागली आहे. चौकात थांबलो की दिवे मंद, पळवली की पुन्हा उजळ. हॉर्नचा घसा बसलाय. काट्यांजवळचा लाल दिवा डोळे मिचकावतो, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून टाकली. नवी बॅटरी घातली, तीही बसली. हल्लीच्या बॅटऱ्यांत दम राहिला नाही.

तू लवकर ये. लोभ पत्रात नको, इथे येऊन कर.

तुझा रुगेमा

म्वांझा, ७ जून १९९८

चि. रुगेमास अनेक आशीर्वाद.

केमीसाठी आनंदानं रडले आणि तुझ्यासाठी कपाळावर हात मारला. गुडघ्यानं दगा दिलाय, सरोवरापलीकडे तुझ्याकडे यायच्या बोटीत चढवत नाही, त्यामुळे इथूनच ओरडते. यजमान गेल्यावर त्यांची टॅक्सी मी चालवली, ते विसरलास का? बॅटरी बिचारी निर्दोष आहे. गाडी चालताना तिला भरणारा अल्टरनेटर मान टाकतोय. दिवे इंजिनाबरोबर कमीजास्त होतात, लाल दिवा मिचमिचतो, नवी बॅटरीही बसते. त्यानं आणखी काय सांगायचं? बॉनेटखाली कुईकुई आवाज किंवा जळका वास येतो का बघ. आणि ती चिकटपट्टी आधी काढ. ताप दाखवतो म्हणून कुणी थर्मामीटर फोडत नाही.

स्टँडवरचे शहाणे इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून बघ म्हणतील. अजिबात काढू नकोस, उरलासुरला जीवही जाईल. त्यापेक्षा लग्नाला दुसऱ्याची गाडी घे. वाटेत बंद पडली तर केमीला पांढऱ्या झग्यात धक्का मारावा लागेल.

रागावले तरी माया तीच.

तुझी ताई

बुकोबा, १२ जून १९९८

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं. स्टँडवरच्या मंडळींनी आदल्याच दिवशी तार काढायला लावली. आता लाल दिवा मिचकावत नाही, सतत जळतो. नवा अल्टरनेटर येईपर्यंत लग्न उलटून जाईल, असं गॅरेजवाला म्हणतो. हस हवं तेवढं.

पण दुसऱ्याची गाडी नको. शाळेच्या पहिल्या दिवसापासून तिच्या आईच्या शेवटच्या आजारापर्यंत केमी ह्याच गाडीत माझ्या शेजारी बसली. शनिवारनंतर ती दुसऱ्या घरची. तेवढा रस्ता मला हवा आहे, ताई. काहीतरी वाट सांग.

तुझा हट्टी रुगेमा

म्वांझा, १६ जून १९९८

चि. रुगेमास आ.

बसच्या ड्रायव्हरबरोबर घाईनं पाठवते. बॅटरी गॅरेजमध्ये पूर्ण चार्ज करून घे. दिवसाउजेडी निघ. दिवे, हॉर्न, रेडिओ, पंखा, काही लावायचं नाही. चर्च फार लांब नाही, तेवढी वाट बॅटरी ओढेल. मधे इंजिन बंद केलंस तर पुन्हा चालू होईल असं समजू नकोस. गोंगाट मागच्यांना करू दे.

सुखरूप पोचव आमच्या पोरीला.

ताई

बुकोबा, २१ जून १९९८

ती. ताईस सा. न. वि. वि.

पोचवली. मागे सगळं वऱ्हाड हॉर्न बडवत होतं आणि पुढे नवरीची गाडी मुकी. व्याह्यांना वाटलं, मी रुसलोय.

बाजार मागे पडला तेव्हा केमीनं विचारलं, की उद्यापासून संध्याकाळी मी कुणाबरोबर जेवणार. असलं काही विचारलं की मी रेडिओ मोठा करतो, नाहीतर समोरच्या शेळीला हॉर्न मारतो. काल हाताशी काहीच नव्हतं. म्हणून सांगून टाकलं, की मला त्या जेवणाची भीती वाटते. ती म्हणाली, तिलाही वाटते. मग आम्ही तिच्या आईबद्दल बोललो. ती गेल्यापासून पहिल्यांदाच, ताई. खूप हसलोसुद्धा.

चर्चच्या दारात गाडी बंद करायला हात नेला, तर केमीनं तो धरून ठेवला. पाद्री पायरीवर ताटकळत होते, जावई घड्याळ बघत होता, आणि आम्ही दोघं इंजिन चालू ठेवून बसून राहिलो. शेवटी किल्ली तिनंच फिरवली.

गुडघ्याला जप. माझ्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझा रुगेमा