गव्हाण रिकामी ठेवायची होती

१२ डिसेंबर
आज दुपारी कामावर हजर झालो. माले गावाच्या पुढे, धरणाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या वाटेवर ही मिशनची शाळा आहे. कौलारू वर्ग, मागे मुलींचं वसतिगृह, बाजूला छोटं चर्च. शिपायाची नोकरी आणि वसतिगृहालगतची खोली मिळाली. नववीतून शाळा सोडलेल्या माणसाला शाळेतच घर मिळालं, याचं हसू येतं. मोठ्या बाई सिस्टर कल्पना यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, बहिरू, आता भाचीला रोज बघाल. पिंकी इथे तिसरीत आहे. ताई गेल्यापासून तिला माझ्याशिवाय कुणी नाही आणि मलाही तिच्याशिवाय नाही. मला पाहून पळत आली आणि मैत्रिणींना ओरडून सांगितलं, आता घंटा माझा मामा वाजवणार.

१५ डिसेंबर
इथलं वर्ष डिसेंबरात संपतं. आज निकाल लागले. पालक जीप घेऊन आले. ट्रंका, वळकट्या, गळ्यात पडून रडणं, आणि दुपारपर्यंत सगळं शांत. मी फळे पुसले. कोपऱ्यातली तारीख पुसताना हात थांबला. मी माझ्या शाळेचा शेवटचा दिवस पाहिलाच नाही, वर्षाच्या मध्येच बांधकामावर गेलो. पिंकीचं तसं होऊ देणार नाही. ती पास झाली. वसतिगृहात आता ती एकटीच आहे. नाताळच्या फलकावरचे ऱ्हस्व-दीर्घ मी दोनदा तपासले, तिने एकदा.

१७ डिसेंबर
चर्चमध्ये नाताळचा गोठा उभा केला. बांबू, पेंढा, मरिया, योसेफ, मेंढ्या. मधोमध लाकडी गव्हाण. सिस्टरांनी बजावलं, ती चोवीस तारखेच्या उपासनेपर्यंत रिकामी ठेवायची. तेव्हाच त्या बाळ येशूची मूर्ती तिच्यात ठेवतात. रिकामी गव्हाण म्हणजे वाट पाहणं, असं त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो. पण मनाला लागून राहिलं. आमच्याकडे रिकामा पाळणा ठेवत नाहीत. बारशाला बाळाआधी वरवंटा ठेवतात, मग बाळ. स्वयंपाकाच्या साळूबाईंना विचारलं. त्या मालेच्याच. बाप्यानं कधी बारसं केलंय व्हय, म्हणून पोट धरून हसल्या, पण वरवंटा दिला. मी तो धुऊन कापडात गुंडाळला, टोपडं घातलं, गव्हाणीच्या खालून-वरून फिरवला आणि पेंढ्यात झाकून ठेवला. कानात सांगायला नाव हवं होतं. पिंकी खिदळत होती. म्हणाली, माझंच सांग. सांगितलं.

१८ डिसेंबर
पिंकी उशिरापर्यंत झोपली. पाय गार. थंडी बाधली असेल. चुलीपाशी बसवली, तरी ऊब धरेना.

१९ डिसेंबर
जेवत नाही. विचारलं तर नुसती बघते. तिला दुचाकीवर पौडला दवाखान्यात नेलं. जाताना मागचं चाक पार बसलं होतं, हवा भरूनही बसलं. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे. एवढीशी पोर उतरवून घेताना माझ्या कमरेत कळ आली. हे त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार?

२० डिसेंबर
आज उचलता आली नाही. साळूबाईंनी आणि मी मिळून धरलं, तरी नाही. खाटेची पट्टी मोडली. गालावर हात ठेवला तर पाट्यावर ठेवल्यासारखा.

२१ डिसेंबर
गोठ्यात झाडायला गेलो. पेंढा हलत होता. उंदीर असेल म्हणून बाजूला केला. वरवंटा गरम होता. टोपडं घामाने ओलं.

उचलून घेतला. तेवढ्यात साळूबाईंची हाक आली, पोरगी श्वास घेईना. तसाच परत ठेवला. पिंकीने श्वास घेतला.

म्हणजे तो बाहेर काढता येणार नाही. आणि चोवीसला तर—

२२ डिसेंबर
सिस्टरांना सगळं सांगितलं. पाय धरले. त्या म्हणाल्या, दगडाला भिऊन लेकराचा आजार वाढवू नका, पुण्याहून मोठे डॉक्टर बोलावले आहेत. म्हटलं, एवढं एक वर्ष मूर्ती ठेवू नका. त्यांनी माझे हात पायांवरून सोडवले. मग म्हणाल्या, लोक वर्षभर या एका क्षणासाठी येतात, बहिरू. वरवंटा काढावाच लागेल.

मग त्या पिंकीपाशी बसून प्रार्थना करत राहिल्या. खरंच रडत होत्या. पण काढणार.

२३ डिसेंबर
डॉक्टर आले नाहीत. घाटात गाडी अडकली म्हणतात. साळूबाई आता हसत नाहीत. दाराशी उभ्या राहून म्हणाल्या,

"निम्मंच केलंत तुमी. दगूड घातला की पोर घालावी लागती, मंग दगूड भाईर निगतो. पोरीला तितं न्या. तिच्या कानात नाव सांगा. सिस्टरांच्या आधी."

कसं नेऊ? उचलवत नाही ती—

२४ डिसेंबर, दुपार
पोत्यावर घालून ओढतोय. साळूबाई पुढून, मी मागून. फरशीला चर पडतोय. पिंकीचे डोळे उघडे आहेत. पापणी लवत नाही. अजून पायऱ्या—

संध्याकाळ
आत आहोत. कडी लावली. साळूबाईंचा हात चेंगरला, त्यांना बाहेर पाठवलं. फळी लावून, तसूतसूने सरकवत तिला गव्हाणीत घातलं. लाकूड करकरतंय. वरवंटा तिच्याखालून काढला. माझ्या मांडीवर आहे. हलका. ऊन. पोट वर-खाली होतंय त्याचं—

बाहेर लोक जमलेत. गाणी थांबली. सिस्टर दार वाजवतायत. हळू वाजवतायत.

तिच्या कानाशी वाकलो. नाव घेतलं.

काही नाही.

पुन्हा घेतलं. पिंकी. पिंकी गं—

ओ आली. तिचाच आवाज. "काय रे मामा?"

गव्हाणीतून नाही. मांडीवरून.

कडी निघतेय. दोघींना नेता येणार नाही, गव्हाणीतली तर उचलवतच— ही गळ्याला हात घालतेय. म्हणते, मामा चल ना. आणि गव्हाणीतली माझ्याकडे बघतेय, तिच्या डोळ्यांतून पाणी—