कट्यारीनं कापलेल्या कैऱ्या

मामाजी, तुमच्या तपकिरीच्या डबीत मिऱ्याची पूड टाकणारी मीच, हे तुमाले ठाऊक होतं. शिंकता शिंकता तुमी हासत होते. पण एक खोडी मी कोणालेच सांगितली नाही.

कटंगीहून एका घरची जुनी कट्यार तुमच्याकडं साफ कराले आलती, पोराच्या लग्नात नवरदेवाच्या हातात द्याची होती. तुमी आठ दिवस पडवीत बसून तिचा जंग काढला. तेलाची चिंधी, चाळलेली राख, अन् बोटानं हळूहळू. मी म्हणे, "मामाजी, सासूबाईचे पाय तरी इतके चोळले का कधी?" तुमी म्हणे, "तुही सासू गंजत नाही व बाई!" पात्यावर पाण्यावानी लहरी निघाल्या तवा मले हाक मारून दाखवल्या. मंग तेल लावून कपड्यात गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तुमी बाजारात गेलते. मी लोणच्याच्या कैऱ्या घेऊन बसली, इळा बोथट. मनात आलं, नवरदेवाच्याच कट्यारीनं कापू, जेवताना सांगू, मामाजी कसे उडते ते पाहू. चार कैऱ्या कापल्या. तेवढ्यात तुमचा पोरगा भरवेलीच्या खाणीतून ड्युटी करून आला. पातं पदरानं पुसलं, गुंडाळून ठेवलं, अन् त्याच्या ताटाच्या घाईत तेल लावाचं अन् तुमाले सांगाचं इसरूनच गेली.

तीन दिवसांनी कटंगीवाले आले. कपडा सोडला त लहरींवर काळे डाग. त्यांच्यातला म्हातारा म्हणे, "तेल नाही लावलं का, बाबा?" तुमी माह्याकडं पाह्यलं. "लावलं होतं ना व सूनबाई?"

मी दारात उभी. म्हटलं, "इसरले असान, मामाजी."

तुमाले ते खरंच वाटलं. "हौ, इसरलोच असीन," म्हणून तुमी त्यांच्यापुढं हात जोडले. त्या दिवसापासून दाराची कडी तीनदा पाहू लागले. "चाय पेलो का व मी?" मलेच इचारत. दसऱ्याले लोकांनी दरसालसारख्या तलवारी साफ कराले आणल्या, तुमी सगळ्या वापस केल्या. म्हणे, माह्या हातानं कोणाची चीज खराब व्हाले नोको. तुमचं डोकं शाबूत होतं, मामाजी. मले माहीत होतं, अन् मी तुमाले तसंच बसू देलं, तुमी जाईपर्यंत.

आज तुमची पोरगी आली हाये. सकाळी म्हणे, "बाबा शेवटी इसरभोळे झालते, नाही व वहिनी?" मी म्हटलं, "हौ." मंग लाज वाटली, म्हणून हे लिहाले बसली, तिले वाचून दाखवीन म्हणून. ती आंगणातच बसली हाये, दोनदा हाक मारली तिनं. मी कागदाची घडी करून चोळीत खोसून राह्यली.