दुसरा मोजा

प्रिय व्हर्लिन,

'प्रिय' लिहायला हात वळत नव्हता, पण रीत मोडायला मी काही तू नाही. वेगळे झाल्यापासून नाताळच्या कार्डावर सही करण्यापलीकडे तुला एक ओळ लिहिली नाही, आज मात्र पोटभर लिहिणार आहे. खुर्ची ओढून बस. लाव्हॉन आसपास असेल तर तिला वाचून दाखवू नकोस. त्या बिचारीचा यात काडीचा दोष नाही, आणि नवऱ्याबद्दल तिचं मत अजून चांगलं आहे.

परवा चर्चमधलं माशांचं जेवण आटोपल्यावर भांडी घासायला तळघरात ती आणि मी एकाच सिंकपाशी आलो. तुझी पहिली आणि तुझी दुसरी शेजारीशेजारी, तेव्हा बाकीच्या बायकांनी कान टवकारले ते तुला सांगायला नकोच. मी विसळत होते, ती पुसत होती. फडकी भिजून चिंब झाली तशी ती कोपऱ्यातल्या, कपडे वाळवायच्या ड्रायरकडे गेली. आधी जाळी काढून त्यावरचं कपड्यांचं तूस बोटाने निपटलं, मग मागे वाकून गरम हवा बाहेर सोडणारा पाइप चाचपला, मग कोट चढवून बर्फात गेली आणि भिंतीतल्या झडपेतून गरम वारा बाहेर येतोय का ते बघून आली. मी म्हटलं, "अगं, फडकी वाळवतेयस की विमान उडवतेयस?" ती हसली. म्हणाली, "व्हर्लिनची शिस्त आहे बाई. आमचा पाइप पत्र्याचा, बर्फ पडायच्या आधी तो स्वतः उतरवून झाडतो. ड्रायर चालू ठेवून बाहेर जायचं नाही की झोपायचं नाही. आणि मोज्याचं तर घरात नावच काढायचं नाही."

मोजा म्हटल्यावर मी तिच्याकडे बघितलं. ती पलीकडच्या जिल्ह्यातली, लग्न होऊन इथे आलेली. गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते तिच्या कानावर कोण घालणार? तिला वाटलं, मला सगळं ठाऊकच आहे. ती सहज बोलून गेली, "एका मोज्यात तूस अडेना, त्याच्या मासेमारीच्या पेटीवर बसायचं, म्हणून त्याने आदल्या दिवशी वरून दुसरा चढवला होता ना. हवा कोंडली, आग लागली आणि घर गेलं. अजून सांगताना डोळे भरतात त्याचे." मी म्हटलं, "हो ना, दुसरा मोजा." आणि विसळत राहिले. विसळून झालेल्या बशा पुन्हा विसळत होते हे तिने दाखवलं तेव्हा कळलं.

पहिला मोजा मीच दिला होता, माझा उसवलेला नायलॉनचा. तुझे वडील म्हणायचे, "पैसे मोजून तापवलेली हवा बाहेरच्या चिमण्यांना कशाला?" इथल्या हिवाळ्यात अर्धं गाव तेच करायचं, माझी आईसुद्धा. पाइप भिंतीतून उपसायचा, त्याचं तोंड तळघरात सोडायचं, तूस अडवायला तोंडाला मोजा बांधायचा, की झाली फुकटची ऊब. चूक होती, पण ती गावाची होती. दुसरा मोजा तुझा एकट्याचा. गळांवर जरा धूळ बसते म्हणून तू घराचं नाक दाबलंस आणि मला सांगितलंही नाहीस. सकाळी मी ड्रायरमध्ये टॉवेल घातले, आणि आपल्या क्रिस्टाला ताप होता म्हणून तिला झोपू देऊन आपण प्रार्थनेला गेलो. धुराने ती जागी झाली. मांजर तळघरात होती, म्हणून त्या बारा वर्षांच्या पोरीने तळघराच्या दाराची तापलेली पितळी मूठ धरली.

आग विझवणाऱ्यांनी विचारलं, यंत्राचं कोण बघतं? तू हनुवटीने माझ्याकडे दाखवलंस. "जाळी साफ करायला विसरली असेल. डोकं कुठे ठिकाणावर असतं तिचं." पाइप जळून गेला होता, मोजे जळून गेले होते, उरले होते मी. खापर फोडायला तेवढं पुरलं. मी प्रत्येक खेपेला जाळी पुसायचे, पण पोरीचा हात बघून मलाच वाटलं की विसरले असेन. पुढच्या रविवारी माझं नाव घेऊन सगळ्यांनी प्रार्थना केली, आणि तू माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होतास. मोठ्या मनाचा नवरा. त्या हाताचा मला आज इतका राग येतो की काय सांगू.

इकडची खबर सांगते. क्रिस्टाची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. टिलीला ती माझ्याकडे दिवसा आणते, रात्री कधीच ठेवत नाही. नात तुझ्याकडे शनिवारी झोपते, माझ्याकडे फक्त जेवते. क्रिस्टा आली की आधी माझ्या ड्रायरची जाळी काढून बघते, परत बसवते. जाळी कोरी असते, कारण मी ते यंत्र लावतच नाही. स्वयंपाकघरात दोरी बांधून कपडे वाळवते, त्यांनीच भरल्या घरात एकटी, ओल्या चादरींखालून वाकून जाते. आणि तू तिकडे पत्र्याचा पाइप झाडतोस. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. पण तोंड तुझं पोळलं नव्हतं, व्हर्लिन.

आता ऐक. महिला मंडळाला या रविवारी कॉफीच्या वेळी घरातल्या आगींवर बोलायला कुणीतरी हवं होतं. मी लाव्हॉनचं नाव सुचवलं. ती हरखून गेलीय. तुझ्याकडून शिकलेलं सगळं सांगणार आहे, तुझं कौतुक करत. मी तिला सुचवलं, "सुरुवात दुसऱ्या मोज्यापासून कर, गोष्ट असली की लोकांच्या लक्षात राहतं." मी पहिल्या रांगेत बसणार आहे. मला तोंडही उघडावं लागणार नाही. तुझ्याच बायकोच्या तोंडून, तुझीच स्तुती ऐकत, सगळं गाव हळूहळू तुझ्याकडे मान वळवेल. ते बघायला मी नवा ब्लाउज घेतलाय. बेत बदलेन अशी आशा धरू नकोस.

पण त्या दिवशी टिली गाणार आहे, म्हणजे क्रिस्टाही असणार. तिने हे शंभर माणसांत, केक खाताना ऐकू नये. म्हणून तू शनिवारीच तिच्याकडे जा आणि दोन मोज्यांचं सांग. मी सांगितलं असतं, पण माझ्या तोंडून तिला ती सबब वाटेल. तुझ्यावर मात्र पोरीचा अजून विश्वास आहे, तेवढा एकदा माझ्यासाठी खर्च कर. ती ओरडणार नाही, तुझ्यासारखी नाही ती. ती एकच विचारेल, "आईला माहीत होतं?" तेव्हा खाली न बघता 'नाही' म्हण. त्या एका शब्दासाठी हे पत्र लिहिलंय.

तुझी कधीच नव्हते असं आता वाटणारी,
क्रिस्टाची आई,
सॉल्वेग