आमच्या लग्नाच्या अल्बमचं डिजिटायझेशन

३ मे
आजपासून रोजनिशी. संसार आणि टेक्नॉलॉजी, दोन्ही शिस्तीत चालवायचं ठरवलं आहे.
वैजयंती माढ्याला माहेरी गेली आहे. हवापालट. जाताना एक शब्द बोलली नाही, पण या उन्हात बोलवतं कुणाला?
कारण किरकोळ. लग्नाच्या अल्बमला वाळवी लागली होती. वाचनालयात मी जुन्या पोथ्या स्कॅन करतो, त्याच सेटिंगवर, पानं लहानशा फाइलमध्ये बसवणाऱ्या त्याच डीजेव्हीयू फॉरमॅटमध्ये अल्बम घेतला. एवढासा झाला. मग वाचनालयाच्या पद्धतीप्रमाणे स्कॅन झालेली खराब प्रत रद्दीत. येडू रद्दीवाला घेऊनही गेला. वैजयंती म्हणाली, "आईचा तेवढाच एक फोटू हुता की वो त्यात." सासूबाई दिवाळीत वारल्या. म्हटलं, फोटो गेला नाही, उलट अमर झाला.

५ मे
प्लॅन तयार. चोवीसला लग्नाचा वाढदिवस. त्याआधी अल्बम वेबसाइटवर. ती लिंक दाबणार, आई दिसणार, पुढच्या एसटीनं सोलापूरला घरी.
पहिलं पान तपासलं. 'शुभविवाह' कसं ठसठशीत! पुढची पानं बघायची गरज नाही. स्कॅनिंग माझं आहे.

९ मे
लिंक पाठवली. नुसती गिचमिड अक्षरं दिसतात म्हणे.
अभ्यास केला. सर्व्हर फाइलबरोबर एक चिठ्ठी पाठवतो, आत काय आहे सांगणारी. तिला माइम टाइप म्हणतात. आमचा सर्व्हर अल्बमला मजकूर म्हणतोय. चादरींच्या गठ्ठ्यावर टॉवेल लिहिल्यासारखं. सोपं आहे.

१० मे
चिठ्ठी बदलून image/jpeg केली. फोटोच आहेत ना! फाइलच्या नावापुढेही jpg लावलं.
आता फाटक्या चित्राची खूण येते. नाव बदललं तरी आतला माल डीजेव्हीयूच राहतो म्हणे. मेहुणा आदिनाथ फोनवर म्हणाला, "दाजी, ताई रडाय लागलीय. बास करा की." माढ्याला नेटवर्क खराबच.

१४ मे
संकल्प: आपण होऊन फोन करायचा नाही.
केला. म्हणाली, "आईला बगायचंय. बाकी काय नगं."
बाकीमध्ये मी धरलेला नसावा.

१९ मे
सापडलं! डीजेव्हीयूची चिठ्ठी: image/vnd.djvu. जुनं नाव परत लावलं, सर्व्हरला खरी चिठ्ठी दिली. गिचमिड बंद. आता मोबाइल फाइल उतरवून घेतो, पण उघडायला वेगळं ॲप लागतं. आदिनाथ ते तिच्या मोबाइलवर टाकणार आहे.
पडदे धुतले. तिला आवडते म्हणून शेंगा चटणी आणली.

२४ मे, सकाळ
फाइल उघडली! आदिनाथ म्हणाला, पहिलं पान लई झ्याक दिसतंय. जिंकलो. दोघांचा स्वयंपाक केला.

दुपार
वैजयंतीचा फोन. म्हणाली, "आईचं तोंड कुटं हाय?"
मी अल्बम पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघितला. मांडवावरच्या पाटीचं अक्षरन् अक्षर वाचता येतं. लुगड्यांचे काठ आहेत, मुंडावळ्या आहेत. चेहरे नाहीत. पोथीचं सेटिंग शाई तेवढी ठेवतं, बाकीचं कागद समजून पुसतं. सासूबाईंच्या पदराखाली नुसतं पांढरं, आणि मधोमध कुंकवाचा काळा ठिपका.

संध्याकाळ
येडूकडे जाऊन आलो. ती रद्दी केव्हाच पेपरमिलला गेली.
तिला तसं सांगितलं. भांडेल वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "कुकू तेवढं दिसतंय. ऱ्हाऊ द्या आता. फोन करू नगा." मग मला रडू आलं.

२५ मे
सर्व्हर पुन्हा तपासला. माइम टाइप बरोबर आहे.
तिच्या वाटणीचं कालचं जेवण मीच खाल्लं. वैजयंती येणार नाही.