रहीमभाईंना सांगायच्या आधी

प्रिय दादा,

तू जाऊन अकरा महिने झाले. एवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहावीशी वाटली नाही, आणि आज लिहितेय तेही आठवण दाटून आली म्हणून नाही. आज सकाळी वहिनी येऊन गेली. माझ्यासमोर हात जोडून म्हणाली, "ताई, झालं ते झालं. रहीमभाईला काही सांगू नका." मी तिला चहा दिला, उत्तर दिलं नाही. उत्तर तुला द्यायचंय, कारण हा घोळ तुझा आहे.

मार्चमध्ये मला आयकर खात्याची नोटीस आली. आधी मोबाइलवर आली, ती मी फसवणुकीचा मेसेज समजून पुसून टाकली. मग पोस्टाने कागद आला. साडेतीन वर्षांपूर्वी विकलेल्या जमिनीवर कर भरला नाही, उत्पन्न दडवलं, असं त्यात लिहिलेलं. दडवलं म्हणे! तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, खडूचा तुकडासुद्धा घरी आणला नाही मी, दादा.

तू असतास तर तुझ्याकडेच धावले असते. आख्ख्या वस्तीचे टॅक्सचे कागद तूच बघायचास, सगळे तुला वकीलसाहेब म्हणायचे. तू नव्हतास, म्हणून जालन्यात एका नव्या सीए मुलीकडे गेले. तिने विचारलं, "मावशी, जमीन शहराच्या हद्दीपासून किती लांब?" मी ताठ मानेने सांगितलं, साडेसात किलोमीटर, माझ्या भावाने स्वतः मोजलंय. ती म्हणाली, "कशाने मोजलं?"

कशाने मोजलंस, आठवतं ना? तुझ्या मोटारसायकलने. मला मागे बसवून हद्दीच्या पाटीपासून निघालास, रेल्वे गेटचा वळसा घेतलास, ओढ्याच्या पुलावरून आपल्या बांधाशी येऊन गाडी उभी केलीस आणि मीटर दाखवलास. "बघ शकू, साडेसात. सहाच्या आत असती तर कर होता. ही पक्की शेतजमीन, एक रुपया न्हाई लागत." मी किती कौतुकाने बघत होते तुझ्याकडे.

त्या मुलीने फोनवर नकाशा उघडला, एक बोट हद्दीवर ठेवलं, दुसरं आपल्या शेतावर. पाच पूर्णांक दोन. कायद्यात सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नाही. नियम बदलून कित्येक वर्षं झाली म्हणे. अरे, आपले अण्णा रेल्वेत गँगमन. रोज रूळ ओलांडून नाकासमोर चालत शेतात जायचे, जेवणाच्या सुट्टीत जाऊन परत यायचे. तुला त्या वाटेची आठवण कशी झाली नाही?

कर आणि त्यावरचं व्याज मिळून अकरा लाख चाळीस हजार. दंडाचं अजून ठरायचंय. माझी पेन्शन तुला माहीत आहे. माझी लेक म्हणाली, "आई, दवाखान्यातली खुर्ची आणि एक्स-रेचं मशीन विकून टाकू." दाताची डॉक्टर खुर्चीशिवाय काय करणार? मी तिला गप्प बसवलं. ठेवी मोडल्या, उरलेल्यासाठी बँकेत अर्ज दिलाय.

नुसती चूक असती तर मी एक शब्द बोलले नसते. मुळात ती जमीन मला मिळाली ती तुझ्यामुळे. हे गेले, आणि वर्षभराने तू मला तहसीलला घेऊन गेलास. आईची दोन एकर तुझी-माझी होती, त्यातला तुझा हिस्सा तू मला सोडून दिलास. तिथला कारकून म्हणाला, "साहेब, नावं उलटी पडली का? हक्कसोड बहीण देती." तू म्हणालास, "नावं बराबर आहेत. या वेळी भाऊ सोडून राह्यला." तो कारकून माझ्याकडे बघत राहिला, आणि मला रडू आवरेना. लोक रक्षाबंधनाची साडी देऊन बहिणीची सही घेतात. तू सही दिलीस. असा भाऊ कुणाला मिळतो?

म्हणूनच हे जास्त लागलं.

जुने कागद शोधायला वहिनीने मला तुझ्या ऑफिसची चावी दिली. माझी फाइल सापडली. तुझी सवय मला ठाऊक होती. फाइलच्या पुठ्ठ्यावर कामांची यादी करायची आणि झालेल्या कामापुढे लाल पेनने बरोबरची खूण करायची. सगळ्या ओळींपुढे खुणा होत्या. शेवटच्या ओळीपुढे नव्हती. तुझंच अक्षर. "अंतर हवाई धरतात. ५.२. कर बसतो. जुलैअखेर दुसरी शेती घेतली तर सुटतो. शकूला सांगणे." खाली फेब्रुवारीची तारीख.

दिवाळीत जमीन विकली आणि फेब्रुवारीत तुला कळलं. जुलैपर्यंत पाच महिने होते, दादा. त्या पाच महिन्यांत आपण किती वेळा भेटलो? जयंतीला एका पंगतीत जेवलो. आपल्या चुलतभावाच्या संदेशचं लग्न ठरवायला एकाच गाडीत गेलो. उन्हाळ्यात तू आठ दिवस आजारी होतास, मी रोज डबा घेऊन येत होते. तू पिठल्यात मीठ कमी पडल्याचं सांगितलंस. हे सांगायला तुला तोंड उघडता आलं नाही?

पैसे तेव्हा बँकेत जसेच्या तसे होते. पिंपळगाव रेणुकाईला दीड एकर मी बघूनही आले होते. त्या दिवाळीत तूच म्हणालास, कशाला उन्हातान्हात शेती करतेस, पोरीचा दवाखाना काढ. ठीक आहे, तेव्हा तुला माहीत नव्हतं. फेब्रुवारीनंतर एक फोन करायचास. "शकू, माझं चुकलं, ती दीड एकर घे." बस, एवढंच. मी हसून घेतली असती, आणि आयुष्यभर तुला चिडवलं असतं फक्त.

ऑगस्टमध्ये बदनापूरला दवाखान्याची फीत तू कापलीस. मुदत संपून महिना झाला होता. फोटो आहे माझ्याकडे. पेढा माझ्या हातून खाल्लास तू.

का गप्प राहिलास ते मला समजत नाही असं समजू नकोस. वस्तीतला पहिला बी.कॉम. तू. अण्णांनी मिठाई वाटली होती ती उधारीवर. लोक कोऱ्या कागदावर सह्या करून तुझ्या टेबलावर ठेवून जायचे, इतका विश्वास. वकीलसाहेब चुकले असं कुणी म्हणूच शकत नव्हतं, मग तू तरी कसं म्हणणार? चुकायची मुभा तुला कुणी दिलीच नाही. पण माझ्यापुढे कसली अब्रू रे? पाटीवरची तुझी चुकलेली गणितं मी फ्रॉकच्या टोकाने पुसायचे, अण्णांना दिसायच्या आत.

तरीही मी हे पोटात घातलं असतं. पैसे भरले असते, फाइल जाळली असती, तुझ्या फोटोला हार घातला असता. पण गेल्या आठवड्यात रहीमभाई आले.

आपल्या बांधाला बांध त्यांचा. गेल्या जूनमध्ये त्यांनीही, माझी जमीन घेतली त्याच माणसाला, आपली विकली, तू जायच्या महिनाभर आधी. मला वाटलं होतं त्या व्यवहारात तू नसशील. रहीमभाई म्हणाले, "आपा, वकीलसाहब खुद घर आल्ते. बोले, रहीम, खेती की जमीन है, टॅक्स बिलकुल नहीं." पैसे बँकेत आहेत. मंठ्याकडे तीन एकर बघितलीय, पण तू घाई नको म्हणालास म्हणून थांबलेत. माझा सल्ला विचारायला आले होते. मोठ्या वकीलसाहेबांची बहीण ना मी!

फेब्रुवारीची ती ओळ लिहून तेव्हा दोन वर्षं उलटली होती, दादा. माझ्या बाबतीत तू गप्प राहिलास, ते भित्रेपणाचं होतं. रहीमभाईंना त्यांच्या अंगणात बसून, त्यांचा चहा पिऊन, ठाऊक असलेलं खोटं सांगून आलास. का? शेजारच्या रानाला कर बसतो म्हटलं असतं तर ते विचारणार होते, मग शकूआपाला कसा नाही बसला? एवढ्या एका प्रश्नासाठी?

सीए मुलीला मी नाव न घेता विचारलं. ती म्हणाली, त्यांची वेळ गेलेली नाही. जुलैअखेर शेती घ्यायची, नाहीतर पैसे बँकेच्या वेगळ्या खात्यात टाकून ठेवायचे आणि मुदतीत घ्यायची. कर सुटतो. जुलै गेला की माझ्यासारखंच. आता जून अर्धा संपलाय.

हे मी काल वहिनीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "ताई, ऑफिस त्यांच्या नावावर चालून राह्यलं. आता तिथं बसतो तो पोरगा महिन्याला मला पैसे देतो ते त्यांच्या पाटीपायी. उद्या लोक म्हणले वकीलसाहेबांनी फसवलं, मंग मी काय खाऊ?" मी म्हटलं, आणि रहीमभाईंनी काय खावं? ती म्हणाली, "त्यांना नोटीस येईलच असं न्हाई." मग तिने पदर तोंडाला लावला. तिचा मला राग आला नाही. तिला या जागी आणून बसवलं कुणी?

दुपारपासून विचार करतेय. नुसतं सांगून भागेल का, की भाई, नियम बदललाय, शेती घेऊन टाका? तुझं नाव न घेता? पण ते साधे आहेत, अडाणी नाहीत. विचारतील, "आपा, वकीलसाहब को मालूम नहीं था क्या?" तेव्हा मी काय बोलू? नव्हतं म्हटलं, तर मी त्यांच्या अंगणात बसून, त्यांचा चहा पिऊन, तेच केलं जे तू केलंस.

वहिनीला मी उपाशी ठेवणार नाही, हा माझा शब्द. पेन्शनमधून जे होईल ते तिच्या हातात दर महिन्याला देईन, कर्ज फिटेपर्यंत थोडं, नंतर जास्त. आणि उद्या सकाळी फाइल घेऊन रहीमभाईंकडे जाईन. त्यांनी विचारलं तर खरं सांगेन. म्हणेन, माझ्या भावाला माहीत होतं, तो बोलायला घाबरला.

मग ते तुला काय म्हणतील ते मी तिथे बसून ऐकून घेईन, तुझ्या वाटचं.

जयभीम.

तुझी,
शकू