मधल्या खोलीची कडी

सेमारांग,
मंगळवार, ६ मार्च १९८४

प्रिय वुर्यानीताईस,

धाकट्या मुर्तीचा सलाम. भावोजींची कंबर आता कशी आहे? तू धाडलेली गुळाची मिठाई मिळाली. निम्मी शेजारच्या हार्तीबाईंनीच फस्त केली. त्या आज तुमच्या कुदुसला माहेरी चालल्यात, म्हणून पत्र त्यांच्याच हाती देते आहे.

परवा तार केली, ‘रतिह माझ्याकडे सुखरूप’. तारेत तेवढंच मावलं. बाकीचं सांगते, पण आधी तुझ्या रागाचं बघू.

तू लिहिलंस, ‘मासिकात कथा छापून घरची अब्रू वेशीला टांगलीस! आणि मधल्या खोलीला कडी कुठून आणलीस? आपल्याकडे कधी होती कडी?’ नव्हती, बाई. लग्नाआधी महिनाभर तुला तिथे बसवलं. आजी रोज हळदीचा लेप चोळायची आणि मी फटीतून भाजके शेंगदाणे सरकवायची. दार नुसतं लोटलेलं असायचं. पण संपादक म्हणाले, ‘मुर्तीबाई, कडी घाला. नाहीतर वाचक विचारतील, ही बया उठून बाहेर का येत नाही?’ मी घातली. पुस्तक निघेल तेव्हा काढून टाकणार आहे. विचारू दे वाचकांना.

आता तुझ्या लेकीचं. रविवारी दुपारी दारात उभी राहिली. कोपरापर्यंत हात पिवळे, मानेवर लेप वाळलेला. बसमध्ये कंडक्टर म्हणाला म्हणे, ‘काय नवरीबाई, वऱ्हाड मागच्या गाडीत का?’ ही म्हणाली, ‘वऱ्हाड घरी घोरतंय.’ अख्खी बस हसली. देमाकपर्यंत एका म्हातारीने हिला स्वतःच्या डब्यातला भात भरवला.

मी तिला फूस लावलेली नाही, अल्लाची शपथ. पण कथा तिने गादीखाली लपवून वाचली होती. म्हणाली, ‘मावशी, मलाही लग्नाआधी तसंच बसवलं, तेव्हा बसल्या बसल्या कडी शोधली. दाराच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवला. सापडली नाही, मग निघाले.’ तेव्हा माझा ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू?

गुरुवारी इथेच तिची शिक्षिका होण्याची शेवटची परीक्षा आहे. भावोजी म्हणतात, कोंडून बसवलेल्या नवरीने उंबरा ओलांडला तर अपशकुन होतो. झालाच तर माझ्या डोक्यावर होऊ दे, ते आधीच पिकलंय. परीक्षेला ती बसणार. मी स्वतः तिला घेऊन जाणार आहे. नवरामुलगा तिला नापसंत नाही, हेही कळव घरी. ‘बरा आहे, जरा लाजतो,’ एवढंच म्हणते.

भावोजी तिला न्यायला येणार असं ऐकलं. येऊ देऊ नकोस. दारात मी उभी असेन, आणि माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो हे त्यांना ठाऊक आहे.

एक गोष्ट मघापासून टाळते आहे. काल भाजी चिरताना रतिह म्हणाली, ‘परीक्षा झाली की मी परत जाईन, लग्नालाही उभी राहीन. पण आधी आईने इथे यावं. एकटीने. आणि माझ्याकडे बघून सांगावं, की त्या घरात ती सुखात राहिली.’ मी म्हटलं, ‘अगं, आईला असं विचारतात का?’ तर म्हणाली, ‘तू तरी कधी विचारलंस?’ मी मिरच्या चिरत राहिले.

ताई, ते मी आजही विचारत नाही. विचारायचा हक्क तिचा आहे. सकाळच्या बसला खिडकीची जागा मिळते. भावोजींना सांगून ये किंवा न सांगता ये. काय बोलायचं ते ठरवून मात्र येऊ नकोस. तुला खोटं बोलता येत नाही, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे.

तुझी वाट बघणाऱ्या दोघींपैकी थोरली,
मुर्ती