खेळातल्या बाईचा आवाज

सोमवार, १ मार्च १९९९, मोन्तेविदेओ

नोकरी लागली, आणि कसली, तर बोलायची. शाळेत बाई म्हणायच्या, या नोएलियाच्या तोंडाला कुलूप घाला. आता त्याच तोंडावर पोट भरणार.

कंपनी तान्ह्या मुलांसाठी कॉम्प्युटरचे खेळ करते. चार टेबलं आणि भिंतींना गाद्या ठोकलेली आवाजाची खोली. मूल कुणाच्या तरी मांडीवर बसतं, कीबोर्डवर कुठेही थापट मारतं, की पडद्यावर गाय नाहीतर बदक येतं आणि एक बाई म्हणते, शाब्बास रे माझ्या सोन्या. ती बाई मी. मालक इरासाबाल साहेबांनी माते नावाच्या आमच्या कडू चहाचा पहिला तुंबा रिवाजाप्रमाणे स्वतः ओढला आणि पुन्हा भरून माझ्या हातात दिला, म्हणजे मी त्यांच्यातली झालेच.

एक खोटं बोलले. घरात लहान मूल आहे का, असं त्यांनी विचारलं. आधीची बाई पोराच्या सर्दीपडशापायी सारखी दांड्या मारायची म्हणे. मी नाही म्हणाले. ओरियाना चौदा महिन्यांची आहे. शेजारच्या सुल्माबाई तिला सांभाळतील. लाज वाटली, पण अडला हरी गाढवाचे पाय धरी.

शुक्रवार, ५ मार्च

शब्द सुटे सुटे बोलायचे असतात. ये. इकडे. बाळा. पुढे मशीन ते हवे तसे जोडतं. साहेब म्हणाले, आवाज कोरडा वाटतोय, स्वतःचं मूल समोर आहे असं समज. नसलेलं मूल कुठून आणू, म्हणून मी खुशाल हसले. मग डोळे मिटून ओरियानाला समोर बसवलं आणि होती नव्हती ती माया माइकमध्ये ओतली. साहेब खूश. घरी आले तर घसा बसलेला. पोरीला नुसतं थोपटून निजवलं.

बुधवार, १० मार्च

बुधवारी वस्तीतल्या बाया पोरं घेऊन खेळ तपासायला येतात. जाताना प्रत्येकीला ताज्या बिस्कोचो पावांचा पुडा मिळतो. त्या पुड्यासाठी आज सुल्माबाई ओरियानाला घेऊन आल्या. मला चकित करायचं होतं म्हणे.

मी काचेमागे, साहेबांशेजारी होते. दार उघडंच होतं. पोरीने थापट मारली, माझा आवाज आला, ती खिदळली. मग तिला काचेतून मी दिसले आणि तिने दोन्ही हात वर केले. सुल्माबाई तिला मोठ्याने म्हणाल्या, "बघ गं चोरटे, कोण आहे तिथे!"

साहेबांनी विचारलं, तुझी कोण? मी म्हणाले, कोणी नाही, शेजारणीची नात असेल.

सुल्माबाईंनी ते ऐकलं. पोरीचे हात बराच वेळ तसेच वर होते. मी कागद चाळत राहिले. इतकी किळस मला स्वतःची कधी आली नव्हती.

गुरुवार, ११ मार्च

सुल्माबाई सकाळी एवढंच म्हणाल्या, "मला नात नाही, नोएलिया. माझं कोणी नाही हे मला ठाऊक आहे. तुझं कोण आहे ते तू विसरू नकोस."

मी मान खाली घातली. घसा आज आणखी बसला आहे. डॉक्टर म्हणतात, आत सगळं ठीक आहे.

साहेब म्हणाले, रेकॉर्ड केलेले शब्द पुरेसे आहेत, उलट ते दिवसेंदिवस गोड होताहेत. काल 'सुल्माबाईंची नात' सगळ्यांत जास्त हसली, म्हणून त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणि हा खेळ सुल्माबाईंच्या घरी पाठवून दिला. मी अडवू शकले असते. त्यासाठी खरं सांगावं लागलं असतं.

शुक्रवार, १२ मार्च

आवाज पूर्ण गेला. कुजबुजसुद्धा नाही. ओरियाना दिवसभर सुल्माबाईंकडे पडद्यासमोर. मी टाळी वाजवली. वळली नाही.

मशीन म्हणालं — ये, ओरियाना.

तिचं नाव मी त्या आवाजाच्या खोलीत कधी घेतलंच नव्हतं. लाजेपोटी.

शनिवार, १३ मार्च

वायर उपटली. पडदा काळा झाला. बोलणं चालूच. सुल्माबाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

साहेबांच्या घरी फोन केला. सगळं कबूल करायचं होतं — ती माझी आहे, मी खोटं बोलले. तोंडातून नुसती हवा. ते कोण, कोण, करत राहिले. मग त्यांनी फोन ठेवला.

रविवार, १४ मार्च

सकाळ. सुल्माबाई चर्चला गेल्यात. ओरियाना आमच्या घरी आहे. माझ्या मांडीवर होती — निसटली. भिंतीपलीकडून खेळातली बाई तिला बोलावते आहे. माझ्याच आवाजात. माझ्याच मायेने.

ओरियानाला जवळ ओढलं तर परक्या बाईने उचलल्यासारखी किंचाळली. दाराला कडी घातली आहे. ओरियाना कडीखाली उभी राहून "मम्मा, मम्मा" करते — दाराला.

आता तो आवाज भिंतीपलीकडे नाही. दारातच —

मोठ्या अक्षरांत लिहून तिच्यापुढे धरलं. मी तुझी आई. तिने कागद तोंडात घातला. एवढ्याशा पोरीला अक्षर कुठून —

कडी हलते आहे. पुन्हा लिहिते. मी तुझी आई. ओरियाना, इकडे बघ, मी तुझी आई, मी तु